घडणावळीचे बंड

१५२७ च्या मे महिन्यात सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पगार थकलेल्या फौजेने रोम लुटायला घेतले, तेव्हा पोप सातवा क्लेमेंट सांत अँजेलोच्या किल्ल्यात कोंडला गेला. त्याच किल्ल्यात तोफांवर काम करणारा सव्वीस वर्षांचा एक फ्लोरेन्सचा सोनार होता, बेनवेनुतो चेल्लिनी. पोपने त्याला बोलावून आपले मुकुट आणि जडावाचे दागिने पुढ्यात ठेवले. चेल्लिनीने रत्ने उचकटून वेगळी केली आणि ती पोपच्या व त्याच्या विश्वासू सेवकाच्या कपड्यांच्या अस्तरात शिवली गेली. उरलेले सोने त्याने किल्ल्याच्या माथ्यावर रचलेल्या लहानशा भट्टीत वितळवले. आपल्या आत्मचरित्रात हा प्रसंग त्याने हळहळ न करता, एखादी कामगिरी फत्ते केल्यासारखा सांगितला आहे. पुढे याच पोपसाठी त्याने झग्याला लावायची एक सोन्याची घुंडी घडवली. तिच्या मधोमध मोठा हिरा होता आणि वर परमेश्वराची मूर्ती. नेपोलियनने पोपच्या राज्यावर लादलेली खंडणी चुकती करताना १७९७ मध्ये तीही वितळली. ती कशी दिसत असे हे सांगायला आज ब्रिटिश म्युझियममधली काही जुनी चित्रे तेवढी उरली आहेत.

मराठी वाचकाला या हकिकतीत फारसे नवल वाटणार नाही, कारण तिच्यातला हिशेब त्याच्या ओळखीचा आहे. सराफाच्या पेढीवर दागिन्याची किंमत दोन भागांत सांगितली जाते. सोन्याचे वजन गुणिले त्या दिवसाचा भाव, हा एक भाग; घडणावळ हा दुसरा. दागिना घेताना घडणावळ मोजावी लागते आणि मोडताना ती परत मिळत नाही. घडणाऱ्याची नजर, त्याचा हात, त्याने घालवलेले दिवस हे सारे मोडीच्या पावतीवर शून्य होऊन जाते. जगभर सोनारकामाचे अर्थशास्त्र हजारो वर्षे याच दोन भागांवर चालले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या काही सोनारांनी हा हिशेबच नाकारला. त्या चळवळीला आज स्टुडिओ सोनारकाम किंवा समकालीन दागिन्यांची कला असे म्हणतात, आणि तिचा इतिहास बहुधा सोन्याविरुद्धच्या बंडाचा म्हणून सांगितला जातो: आधी सोने होते, मग ॲल्युमिनियम, रबर, नायलॉन आणि कागद आले. मला ही मांडणी अपुरी वाटते. त्या बंडाचा रोख मोडीवर होता. दागिन्यातले वजन आणि दागिन्याचे मोल यांची सांधलेली कडी तोडणे, म्हणजेच घडणावळीला स्वतःच्या पायावर उभे करणे, हे त्याचे खरे काम होते. ते काम सोने सोडून करता येत होते, आणि सोने हातात धरूनही.

हा हिशेब किती खोल रुजला होता हे आपल्याही बाजारात रुळलेल्या एका शब्दावरून कळते. हॉलमार्क म्हणजे ‘हॉल’मध्ये उमटवलेला शिक्का. तो हॉल लंडनच्या सोनारांच्या संघाचा, गोल्डस्मिथ्स हॉल. या संघाला १३२७ मध्ये राजाची सनद मिळाली आणि १४७८ पासून लंडनच्या सोनारांना आपला माल कस लावण्यासाठी तिथे आणणे भाग पडले. शिक्का कशाची हमी देतो हे लक्षात घेण्यासारखे आहे. धातू किती शुद्ध आहे हे तो सांगतो, आणि माल खोटा निघाला तर जबाबदार कोणाला धरायचे हे कळावे म्हणून घडवणाऱ्याची खूणही त्यात असते. घडण चांगली की वाईट, तिच्यात काही नवे आहे की नाही, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. म्हणजे सोनाराचे नाव दागिन्यावर आले ते आरोपी सापडावा म्हणून. चित्राच्या कोपऱ्यातल्या सहीशी त्याचे नाते नव्हते. अठराव्या शतकात कारखानदारी आली तेव्हा हे नावही मागे पडले. जर्मनीत बाडेनच्या राजाने १७६७ मध्ये प्फोर्त्सहाइम गावच्या अनाथालयात घड्याळे आणि दागिने बनवण्याचा उद्योग सुरू करून दिला. त्यातून ते गाव ‘सोन्याचे शहर’ म्हणून वाढले. तिथे नमुना एकाचा, ठसा दुसऱ्याचा, डाख तिसऱ्याचा आणि झिलई चौथ्याची, अशी कामाची वाटणी झाली. घडणावळ आता हजारो हातांत विखुरली आणि त्यातला एकही हात ओळखू येईनासा झाला.

इथे पहिला आक्षेप येतो. सोनारकाम कला नव्हते कधी? ब्रुनेलेस्की आणि गिबर्ती हे दोघेही आधी सोनारकाम शिकले होते. ड्यूररचे वडील सोनार होते. चेल्लिनीने फ्रान्सच्या राजासाठी १५४० ते १५४३ या काळात घडवलेले मिठाचे पात्र आज व्हिएन्नाच्या संग्रहालयाचे भूषण आहे, आणि २००३ मध्ये ते चोरीला गेले तेव्हा चोराने ते वितळवले नाही, जमिनीत पुरून खंडणी मागितली. २००६ मध्ये ते परत मिळाले. पॅरिसच्या रने लालीकने तर १९०० च्या सुमारासच सोन्याच्या बरोबरीने शिंग, काच आणि मीना वापरून असे दागिने घडवले की त्यांचे वजन करायची कोणाला बुद्धीच होऊ नये. आक्षेप खरा आहे, पण तो माझ्या म्हणण्याला छेद देण्याऐवजी बळच देतो. ब्रुनेलेस्की आणि गिबर्ती मोठे ठरले ते घुमट आणि कांस्याचे दरवाजे उभारून. सोनारकाम ही त्यांची शाळा होती. कीर्ती दुसरीकडे मिळाली. मिठाचे पात्र वाचले ते एका राजघराण्याकडून दुसऱ्या राजघराण्याला भेट म्हणून गेल्यामुळे, आणि चेल्लिनीचे सोन्याचे बहुतेक बाकीचे काम मुशीत गेले. लालीकचे दागिने टिकले यामागे कलूस्त गुलबेंकियानसारख्या संग्राहकाचा मोठा हात आहे. खुद्द लालीक पुढे दागिने सोडून काचकामाकडे वळला. हे सगळे अपवाद म्हणून टिकले. एखाद्या सोनाराची घडण राजाच्या किंवा धनिकाच्या मर्जीने वाचणे वेगळे आणि ती वाचलीच पाहिजे असे सांगणारी व्यवस्था उभी राहणे वेगळे. अशी व्यवस्था उभी राहिली ती दुसऱ्या महायुद्धानंतर.

२३ फेब्रुवारी १९४५ च्या संध्याकाळी ब्रिटिश विमानांनी प्फोर्त्सहाइमवर बॉम्ब टाकले. सुमारे वीस मिनिटांत गावाचा मध्य भस्मसात झाला आणि १७ हजारांहून अधिक माणसे मेली. सोन्याचे शहर राखेतून उभारताना कारखाने पुन्हा आले हे ओघानेच होते. पण १९६१ मध्ये तिथे रॉइखलिनहाउस ही नवी इमारत उघडली आणि तिच्यात दागिन्यांचे संग्रहालय आले. प्राचीन काळापासूनचे दागिने मांडणाऱ्या या संग्रहालयाने जिवंत सोनारांचे कामही गोळा करायला घेतले. गावच्या कलाशाळेत राइनहोल्ड राइलिंग आणि क्लाउस उलरिख शिकवत होते. सोन्याचा पत्रा तापवून, चिणून, खरवडून त्यावर उठणारा पोत हाच त्यांच्या कामाचा विषय होता. कारखान्यातला कारागीर जो डाग झिलईने घालवतो तो डाग ते जपून ठेवत, कारण हात फिरल्याची खूण तीच. या वळणाची कारणे कलेइतकीच पोटापाण्याचीही होती. युद्धोत्तर जर्मनीत कलाशाळेतल्या शिक्षकाला पगार मिळत होता. गिऱ्हाइकाची मर्जी सांभाळल्याशिवाय घडवण्याची मोकळीक सोनाराला त्या पगाराने दिली. पोपच्या पदरी असलेल्या चेल्लिनीकडे नसलेली गोष्ट म्हणजे ही.

त्याच १९६१ च्या शरदात लंडनमध्ये जे घडले त्यातला विरोधाभास बोलका आहे. ज्या हॉलने सोनाराच्या मालाला कसाचा शिक्का दिला, त्याच गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या साथीने १८९० ते १९६१ या काळातल्या आधुनिक दागिन्यांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. संघाचे कलाविषयक काम पाहणाऱ्या ग्रॅहॅम ह्यूजने ते उभे केले. ब्रिटनमध्ये युद्धाच्या काळातले निर्बंध आणि चैनीच्या वस्तूंवरचा जबर कर यांनी सोनारकाम निष्प्राण झाले होते. दुकानांत तीच ती आजीच्या काळची घडण फिरत होती. ह्यूजने एलिझाबेथ फ्रिंकसारख्या शिल्पकारांना मेण पुरवले आणि त्यांनी केलेल्या नमुन्यांवरून सोन्यात ओतकाम करवून घेतले. कलेची प्रतिष्ठा दागिन्याला मिळवून द्यायची तर ती शिल्पकाराकडून उसनी आणावी, असा त्यामागचा विचार होता. उसनवारी फार दिवस चालली नाही. काही वर्षांतच सोनार स्वतःच्या नावावर उभे राहिले. अँड्र्यू ग्रिमाने पाने, दगडफूल यांसारख्या निसर्गातल्या वस्तूंवरून साचे घेऊन खडबडीत सोने श्रीमंतांच्या अंगावर चढवले. गेर्डा फ्लोकिंगर सोने आणि चांदी वितळण्याच्या उंबरठ्यापर्यंत तापवून त्यांच्या कडा एकमेकींत विरघळू देत असे, म्हणजे वितळणे हा विध्वंस न राहता तिच्या हातात घडणीचे साधन झाले. १९७१ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये तिचे एकटीचे प्रदर्शन भरले. चेल्लिनीच्या भट्टीपासून फ्लोकिंगरच्या ज्योतीपर्यंतचे हे अंतर मला या साऱ्या इतिहासाचे सार वाटते. आच तीच आहे, पण तिच्यातून बाहेर पडते ती लगड नसून एका बाईच्या हाताची ओळख.

सोने हातात धरूनही वजनाची सत्ता मोडता येते हे सर्वांत स्पष्टपणे दाखवले ते म्युनिक आणि पादोव्हा या दोन गावांनी. हानाऊमध्ये १९२८ साली जन्मलेला हेरमान युंगर तिथल्या जुन्या चित्रशाळेत चांदीकाम शिकला, म्युनिकच्या कला अकादमीत फ्रांझ रिकर्टच्या हाताखाली तयार झाला आणि १९७२ पासून त्याच अकादमीत प्राध्यापक झाला. दागिन्याआधी तो जलरंगात चित्रे काढी. सैल, ओघळलेली, चुकली तरी न पुसलेली. मग त्या चित्राचा मोकळेपणा धातूत उतरवायचा प्रयत्न करी. त्याच्या जडावात मीना कडेबाहेर सांडल्यासारखा दिसतो, कोंदणे एका मापाची नसतात, पट्टी सरळ असली पाहिजे असा हट्ट नसतो. त्याने काही हार डबीत सुटे मांडले आणि ओवण्याचे काम घालणाऱ्यावर सोपवले. अशा हाराचे वजन सांगता येईल, रूप मात्र सांगता येणार नाही, कारण ते रोज सकाळी नव्याने ठरते. इटलीत पादोव्हाच्या पिएत्रो सेल्वातिको कलासंस्थेत मारिओ पिंतोनने शिकवायला सुरुवात केली आणि त्याच्या मागोमाग फ्रांचेस्को पावान व जांपाओलो बाबेत्तो ही मंडळी आली. त्यांचे सोने कागदासारख्या पातळ पत्र्याचे, आतून पोकळ आणि भूमितीत बांधलेले. पावान सोन्याच्या तारांचे कापड विणतो तेव्हा नजर विणीवर ठरते, धातूवर नाही. आपल्याकडे पोकळ दागिन्याला फसवा म्हणण्याची रीत आहे, कारण तो दिसतो त्याहून हलका भरतो. पादोव्हाच्या सोनारांनी ही फसवणूकच प्रामाणिक केली. दिसणे हेच खरे आणि वजन गौण, हे त्यांनी पोकळीतून जाहीर केले.

नेदरलँड्सने दुसरी वाट धरली आणि ती जास्त गाजली. खेइस बाकर आणि एमी फान लिअरसम हे जोडपे ॲम्स्टरडॅममध्ये सोनारकाम शिकलेले. १९६७ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या स्टेडलिक म्युझियममध्ये त्यांनी आपले काम मॉडेल्सच्या अंगावर दाखवले. ॲल्युमिनियमच्या भल्यामोठ्या गळपट्ट्या खांद्यांपर्यंत उतरल्या होत्या. बाकरचा एक हार तर धुराड्याच्या नळकांड्यासारखा होता. दागिना पेटीत ठेवून पाहायचा नाही आणि तोलायचा तर मुळीच नाही. शरीर आणि आकार यांच्या ओढाताणीत तो पाहायचा, असा त्यामागचा हट्ट होता. १९७३ मध्ये बाकरने हा विचार टोकाला नेला. सोन्याची बारीक तार दंडावर किंवा मांडीवर आवळून बांधायची आणि मग काढून घ्यायची. कातडीवर काही वेळ जो वळ उरतो तोच दागिना. त्याने या कामाला छायेचा दागिना म्हटले. आवळायला त्याने निवडलेली तार सोन्याची होती हा तपशील महत्त्वाचा आहे. तांब्याच्या तारेनेही तोच वळ उठला असता, पण मग मोल वळाचे की तारेचे, हा प्रश्न उभा राहिला नसता. वर्षभरात मारिओन हेर्बस्ट, फ्रांस्वाझ फान डेन बॉस, ओनो बुकहाउट आणि आणखी दोघांनी मिळून एक गट काढला; त्याच्या नावाचा अर्थ होता ‘बंडखोर सोनारांचा संघ’. संघ हा शब्द त्यांनी मुद्दाम घेतला असावा. जुन्या संघाने धातूची हमी दिली होती; हा नवा संघ कसलीच हमी द्यायला तयार नव्हता. अशा सोनारांसाठी दुकानेही निराळी उघडली. लंडनमध्ये १९७१ साली इलेक्ट्रम गॅलरी सुरू झाली आणि ॲम्स्टरडॅममध्ये १९७६ साली पॉल डेरेझची रा गॅलरी. दागिना घ्यायला माणूस आला की तो ‘भाव काय?’ न विचारता ‘काम कोणाचे?’ असे विचारील, यासाठी अशी जागा लागते. सराफाच्या पेढीवरचा तराजू तिथून उचलल्याखेरीज तो प्रश्न सुचत नाही.

बाहेरच्या जगात नेमक्या याच वर्षांत तराजू पिसाळला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस झालेल्या करारानुसार एक औंस सोन्याची सरकारी किंमत ३५ डॉलरवर बांधलेली होती. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले आणि भाव मोकाट सुटला. जानेवारी १९८० मध्ये तो ८५० डॉलरवर गेला. सोनारांनी ॲल्युमिनियम उचलले ते सोने महागले म्हणून, असे यावरून कोणी म्हणेल तर वर्षांचा क्रम त्याच्या आड येतो. बाकर आणि फान लिअरसम यांच्या गळपट्ट्या सोने ३५ डॉलरला बांधलेले असतानाच्या आहेत. भाव चढला त्याने बंड जन्मले नाही, पण त्याचा अर्थ लखलखीत झाला. १९८० मध्येच युंगरचा शिष्य, झुरिकमध्ये जन्मलेला ऑटो क्युन्झली, याने काळ्या रबरी नळीचे एक कडे केले. नळीच्या आत एक सोन्याचा गोळा आहे. बाहेरून रबराला आलेला लहानसा फुगवटा तेवढा दिसतो. कड्याचे नाव ‘सोने आंधळे करते’. आत सोनेच आहे की शिसे, हे घेणाऱ्याला कळणार नाही. कस लावायचा तर रबर चिरावे लागेल, आणि रबर चिरले की कडे संपले. हॉलमार्कची सगळी परंपरा या एका वस्तूत उलटी टांगली आहे. इथे हमी फक्त घडवणाऱ्याच्या नावाची, आणि त्या नावावरचा विश्वास हाच दागिन्याचा कस. अशा कड्याला मोड नाही, कारण मोडायला गेलेला माणूस जे विकत होता तेच नष्ट करून बसतो.

यावर सर्वांत जिव्हारी लागणारा आक्षेप असा की ही सगळी चैन आहे. बंडखोरांची घोषणा लोकशाहीची होती. सोने श्रीमंतांचे, ॲल्युमिनियम आणि नायलॉन सर्वांचे. प्रत्यक्षात ते दागिने घेतले कोणी? वास्तुरचनाकारांनी, शिक्षकांनी, संग्राहकांनी आणि संग्रहालयांनी. ज्यांच्या नावाने बंड झाले त्या सामान्य गिऱ्हाइकाने दुकानातली साखळीच घेतली. हा आक्षेप मी मान्य करतो. त्या घोषणेपुरते बंड फसले. पण फसण्याचे कारण पाहिले तर ते माझ्याच मुद्द्याकडे येते. वजन वजा केले की दागिन्यात उरते ती घडणावळ, आणि एकट्या माणसाने विचार करून, चुकून, पुन्हा करून घडवलेल्या वस्तूची घडणावळ स्वस्त कशी असेल? सोने आहे तोवर ती आकड्यांत झाकलेली राहते. नायलॉनच्या कड्याची किंमत पाहून माणूस दचकतो, कारण आयुष्यात पहिल्यांदा तो उघडी घडणावळ पाहत असतो. त्या दचकण्यात कारागिराच्या श्रमांबद्दल आपण सगळे किती कमी धरून चालतो याचा पुरावा आहे.

दुसरा आक्षेप आपल्या घरातला आहे आणि तो जास्त जड आहे. जिच्या नावावर ना जमीन ना घर, त्या बाईसाठी दागिन्याचे वजन ही हावरटपणाची गोष्ट नसून अडीनडीची पुंजी असते. तिच्यासाठी मोड हा अपमान कसा? ज्या दशकात ॲम्स्टरडॅमचे सोनार आपखुशीने सोने खाली ठेवत होते, त्याच दशकात भारतात ते सक्तीने सुटले. चीनबरोबरच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले आणि १४ कॅरेटहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला मनाई केली. गिऱ्हाइकाला १४ कॅरेट नको होते, कारण शुद्धता हीच त्याची बचत होती. आणि गिऱ्हाईक थांबले तेव्हा गावोगावच्या सोनारांच्या ऐरणी थंड पडल्या. १४ कॅरेटची अट पुढे शिथिल झाली, तरी १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द होईपर्यंत टिकला. या तुलनेतून युरोपचे बंड खोटे ठरत नाही, पण त्याची जमीन उघडी पडते. तिथल्या सोनाराच्या पाठीशी कलाशाळेचा पगार, संग्रहालयाची खरेदी आणि गिऱ्हाइकाची निवृत्तिवेतनाची सोय होती. इथल्या सोनाराची घडणावळ सोन्याच्या पाठीवर बसूनच घरी येत होती. घोडा मेला आणि स्वार खाली आला. घडणावळ सुटी उभी राहायला वजनाचे काम दुसऱ्या कोणी, बँकेने किंवा सरकारने, अंगावर घ्यावे लागते. आधी बाईच्या हातात दुसरी पुंजी द्यावी आणि मगच तिला रबराच्या कड्यातले मर्म सांगावे.

बंड सोन्याविरुद्ध नव्हते या माझ्या म्हणण्याची कसोटी बंडखोरांच्या आपसातल्या भांडणात लागते. रोबर्ट स्मिट हा डच कलावंत प्फोर्त्सहाइमला उलरिखकडे शिकला होता. सत्तरच्या दशकात तो दागिने सोडून चित्रांकडे गेला आणि ऐंशीच्या दशकात परतला तो सोने घेऊन. चुरगळलेले, रंगवलेले, चित्रासारखे हाताळलेले सोने. १९८५ मध्ये रा गॅलरीत ते मांडले गेले तेव्हा बाकरने त्याला जाहीर पत्र लिहून धारेवर धरले. बाकरच्या बाजूने पाहिले तर हे घूमजाव होते. एवढ्या कष्टाने दाराबाहेर काढलेला धातू स्मिट पुन्हा देव्हाऱ्यात बसवत होता. पण स्मिटच्या सोन्यावर तो रंग चढवतो, ते फाडतो, त्याच्या चमकेला चिखल लावतो. मोडीचा भाव लावायला गेलेल्या सराफाने ते हातातच घेऊ नये असे त्याचे रूप आहे. दोघांनीही वजनाची सत्ता झुगारली होती. वाद एवढाच होता की झुगारल्यावर तो धातू पुन्हा हातात घ्यावा की न घ्यावा. धातू हा मुद्दा असता तर स्मिट फितूर ठरला असता, आणि युंगर व पिंतोन तर कधी बंडात आलेच नसते. चाळीस वर्षांनंतर म्युनिकची दर वर्षीची दागिन्यांची प्रदर्शने, प्फोर्त्सहाइमचे संग्रहालय आणि ॲम्स्टरडॅमचे संग्रह या साऱ्यांना एकाच रांगेत मांडतात. इतिहासाने बाकरचा निवाडा मानलेला नाही.

क्युन्झलीने १९८५-८६ मध्ये केलेल्या एका साखळीकडे पाहून हा इतिहास आवरता येईल. तिच्यात लग्नाच्या अठ्ठेचाळीस वापरलेल्या अंगठ्या कापून एकमेकींत ओवल्या आहेत. आत नावे आणि तारखा कोरलेल्या, बाहेरून झिजलेल्या. मोडीत निघालेल्या अंगठीतले सोनेच कामाचे आणि आतले नाव मुशीत पुसायचे, असा बाजाराचा नियम. क्युन्झलीने नियम उलटवला आणि नावे ठेवली. घालायला जड आहे ती साखळी, पण जडपणा सोन्याचा नाही. ती गळ्यात घालायला माणूस कचरतो तो अठ्ठेचाळीस घरांमुळे. त्याच्या रबरी कड्याला मात्र एक अडचण आहे, आणि ती त्याला ठाऊक नसेल असे वाटत नाही. सोने गंजत नाही, रबर विरते. आज ना उद्या ती नळी कडक होईल, तडकेल, आणि आतला गोळा सर्वांना दिसेल. त्या दिवशी तो सराफाच्या तराजूवर ठेवून ग्रॅममध्ये सांगता येईल, त्या दिवसाच्या भावाने विकताही येईल. पावतीवर वजन येईल, भाव येईल, आणि विकणाऱ्याकडे जे होते ते रबराबरोबर आधीच गेलेले असेल.